दुसरं वाचन

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. तू ठीक असशील असं धरून चालते. विचारलं तर तू फोनवर नुसतं 'हं' म्हणणार आणि त्या 'हं'वरून मी काय ओळखायचं! म्हणून पत्र. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही तुला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या महिन्यात झालं. उजव्याचं तर केव्हाच झालेलं. डॉक्टर म्हणाला, "आजी, अजिबात हलायचं नाही." मी म्हटलं, "बाबा रे, सव्वीस वर्षं मी न हलता बसूनच काढलीत. तू तुझा हात हलू देऊ नकोस म्हणजे झालं." शेजारीण दिवसातून चारदा थेंब घालायला येते. एक थेंब डोळ्यात, दोन गालावर आणि अर्धा तास सुनेच्या तक्रारी. लिफ्ट पुन्हा बंद आहे, त्यामुळे चार मजले खाली उतरायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते.

भिंगरीचा फोन आला होता. तुला सांगून केला की न सांगता, ते मी विचारलं नाही. नव्या नोकरीत कुणीतरी तिचं पूर्ण नाव वाचलं आणि म्हणालं, "अच्छा, म्हणजे त्या तिपाईवाल्यांची मुलगी का?" आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले म्हणे. आता ती बापाचं नाव काढून टाकतेय. अर्ज भरून ठेवलाय, महिनाअखेरीस सही करून देणार आहे. सांगताना आवाज अगदी कोरडा होता, तुझ्यासारखा. मग म्हणाली, "मावशी, तू तर त्याच खोलीत कामाला होतीस. बाबा खरंच खोटे आकडे लिहायचे?"

मी म्हटलं दूध उतू जातंय, नंतर करते फोन. दूध बीध काही नव्हतं गं गॅसवर.

दुसरी बातमी अशी की मला संस्थेतून बोलावणं आलं. इतक्या वर्षांनी! एक नवी बाई आहे तिथं, तिशीतली, केस कापलेली, भराभर बोलणारी. तिच्याकडे पट्ट्या वाचायचं मशीन आलंय. मी तिला मनातल्या मनात मशीनवाली म्हणते. जुन्या सामानात तिला आमच्या वेळच्या पट्ट्यांचे डबे सापडले. त्यांचे कापलेले कोपरे आणि खुणा यांचा अर्थ सांगायला जिवंत असं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी.

त्या खोलीत काय चालायचं ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. अणू म्हटलं की तुला जांभई यायची, आणि नवरा तर नेमका त्यातलाच मिळाला! आता ऐक. जड अणूचा गाभा फोडला की त्याचे दोन तुकडे होतात आणि ते सुसाट सुटतात. समोर प्लास्टिकची पातळ पट्टी ठेवलेली असते. तुकडे तिच्यात घुसतात, पण वरून काही म्हणजे काही दिसत नाही. मग ती पट्टी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची. जिथं तुकडा घुसला तिथं प्लास्टिक कच्चं झालेलं असतं, ते आधी विरघळतं आणि बारीक ओरखडा उमटतो. तो मायक्रोस्कोपखाली शोधायचा, तो कुठं आहे त्याची दोन मापं वहीत लिहायची, पुढचा शोधायचा. एक पट्टी वाचायला चार दिवस लागायचे. आम्ही सगळ्या बायकाच होतो. बायका न कंटाळता बघत बसतात असं वरच्यांचं मत होतं. कंटाळा आम्हाला भरपूर यायचा, पण विचारलं कुणी!

एका ठिकाणाहून दोन ओरखडे फुटलेले दिसले की त्याला आम्ही चिमटा म्हणायचो. तीन फुटलेले दिसले तर तिपाई. तिपाई म्हणजे गाभा दोनाऐवजी तीन सारख्या तुकड्यांत फुटला. लाखात एखादा फुटला तर फुटला. तुझा नवरा तेच शोधत होता.

मशीनवालीनं चव्वेचाळीस पट्ट्या तीन दिवसांत वाचून काढल्या. डब्यांवर तुझ्या नवऱ्याचं, आमच्या जावईबुवांचं अक्षर होतं, बारीक, डावीकडे झुकलेलं. मला जरा बसावं लागलं. तिनं पाणी आणून दिलं.

बाकी विशेष नाही. भिंगरीला म्हणावं सहीची घाई करू नको. का ते विचारू नकोस, नुसतं सांग. तुझी गुडघेदुखी कशी आहे?

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "भिंगरीचं भिंगरी बघेल. जो माणूस आकडे मनानं लिहितो त्याचं नाव पोरीनं का मिरवावं? तू यात पडू नकोस."

पडू नकोस म्हणतेस. अगं, मी यात चौदा वर्षं पडलेलीच आहे, गळ्यापर्यंत. आज सकाळपासून चार कागद फाडलेत. हा पाचवा. हा मी फाडणार नाही, म्हणून खाडाखोड दिसली तर दिसू दे.

त्या खोलीचा एक नियम होता. प्रत्येक पट्टी दोघींनी वाचायची. पहिलीनं वाचलं की तिची वही कपाटात बंद. दुसरीनं तीच पट्टी कोरी समजून पहिल्यापासून वाचायची, आपल्या मायक्रोस्कोपवर. पहिलीला काय दिसलं हे दुसरीला कळता कामा नये. दोघींनी जेवतानासुद्धा पट्टीबद्दल बोलायचं नाही. माणसाला जे हवं असतं ते दिसतं, म्हणून दुसरं वाचन. दोन्ही वह्या मग तुझा नवरा मोठ्या रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात शेजारी शेजारी उतरवायचा आणि जुळतात का बघायचा.

या पट्ट्यांचं पहिलं वाचन बुटकीचं होतं. ती माझ्या हाताखाली तयार झालेली, प्रामाणिक, आता नाही बिचारी. दुसरं वाचन माझं. आणि कपाटाची किल्लीही माझ्याकडे, कारण सगळ्यात जुनी मी आणि सगळ्यांचा विश्वास माझ्यावर.

तेव्हा माझ्या उजव्या डोळ्यात मधोमध धुरकट डाग आला होता. जिथं बघावं नेमकं तिथंच धुकं. मोतीबिंदू होता, दुसरं काही नाही. पण आमच्याकडे डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला पुन्हा मायक्रोस्कोपवर बसवत नसत, स्टोअरमध्ये पाठवत. आणि मी कोण होते तिथं? पाहुणे आले की वरचे साहेब मला दाखवायचे, "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." मला ते ऐकायला आवडायचं गं. लग्न नाही, पोर नाही, तुझ्यासारखं रूप नाही. मला डोळा होता. तो गेला हे मी कुणाला सांगणार नव्हते.

पहिल्या सहा पट्ट्या मी डाव्या डोळ्यानं वाचल्या. डोकं असं ठणकायचं की घरी येऊन उलटी व्हायची. सातव्या पट्टीला मी कपाट उघडलं आणि बुटकीची वही काढली.

म्हटलं, एवढ्या एका पट्टीपुरतं. मग आठवी. मग अडतीसच्या अडतीस. मी तिचे आकडे माझ्या वहीत उतरवायचे, शेवटचा आकडा कुठं एकानं वाढवायचे, कुठं कमी करायचे. दोन-चार ठिकाणं मुद्दाम सोडून द्यायचे, म्हणजे नक्कल वाटू नये. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे ते नुसतं सोंग. चोराला जेवढी अक्कल लागते तेवढी मला होती, त्याहून जास्त नव्हती.

कारण मी एक गोष्ट विसरले. प्रत्येक मायक्रोस्कोपच्या मापाचा शून्य वेगळा असतो. माझा तीन नंबरचा खोली बदलताना आपटला होता, तेव्हापासून त्याचं आडवं माप चार घरं पुढं दाखवायचं. त्यावर तशी चिठ्ठीच चिकटवलेली होती, माझ्याच हातची. तुझा नवरा रजिस्टर करताना माझ्या प्रत्येक आकड्यातून चार वजा करायचा. मी खरंच पाहिलं असतं तर माझे सगळे आकडे बुटकीपेक्षा चारानं जास्त यायला हवे होते. ते तर तिच्याइतकेच येत होते.

त्यानं पकडलं, पकडणारच. माझ्या टेबलापाशी आला. खोलीत तो मला बाई म्हणायचा आणि मी त्याला सर, घरी मी ताई आणि तो जावईबुवा. म्हणाला, "बाई, सातव्या पट्टीपासून तुमचे चार जास्त कुठं आहेत?" हसतच विचारलं. आणि मी, डोळ्याची पापणी न हलवता, सांगितलं, "मेकॅनिक येऊन गेला ना सर! नीट केला त्यानं तीन नंबर."

"अरे वा," म्हणाला. रजिस्टरात समासात लिहूनही ठेवलं, 'तीन नंबर दुरुस्त'. मेकॅनिकला विचारायला खाली गेला नाही. मी सांगितलं होतं ना, मग कशाला जाईल?

अशा एकतीस तिपाया झाल्या. दोघींच्या वाचनात जुळलेल्या. त्यानं लेख पाठवला, बाहेरच्या मोठ्या मासिकात छापून आला. तुमच्या घरी मी गुलाबी फ्रॉक घेऊन आले होते भिंगरीला, त्याच दिवशी. तो नाचत होता अगदी. आणि वर्षभरानं दुसरीकडच्या लोकांनी तोच प्रयोग केला, त्यांना एकही तिपाई मिळाली नाही. रजिस्टर मागवलं. मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "मी तीन नंबरला कधी हातही लावला नाही." मग चौकशीची कमिटी बसली, आणि पुढचं सगळं तुला माहीत आहे, म्हणजे तुला जेवढं सांगितलं गेलं तेवढं माहीत आहे.

आता मशीननं काय दाखवलं ते ऐक. एकतीसमधल्या एकोणतीस तिपाया नव्हत्याच. चिमटा होता आणि त्याच्यावरून तिसराच कुठलातरी भरकटलेला ओरखडा गेलेला. उरलेल्या दोनांचं मशीनलाही नक्की सांगता येत नाही. मशीनवालीनं एकेक मोठ्या पडद्यावर दाखवला. धाकटे, मला पहिल्याच चित्रात दिसलं. तिसऱ्या ओरखड्याचं मूळ त्या दोघांच्या मुळाशी नव्हतंच, केसभर बाजूला होतं. बुटकी नवखी होती, तिला तिपाई हवी होती, तिला दिसली. मी असली चूक झोपेतसुद्धा केली नसती. मी पाहिलं असतं, तर एका आठवड्यात म्हटलं असतं, "सर, या तिपाया नाहीत." तो मान हलवून म्हणाला असता, "बरं, नाहीत तर नाहीत," आणि दुसऱ्या दिवशी नव्या पट्ट्या लावल्या असत्या. त्याचा स्वभाव तसाच होता.

तो चुकला होता. खोटा नव्हता. आणि चुकलाही कुणामुळे ते मी वर लिहिलंय.

तुझं स्थळ मीच आणलं होतं. आईबाप गेल्यावर तुला मी वाढवलं, आणि माणूस पारखायलाही मीच निघाले. चांगला निवडला होता गं मी.

तुझी,
ताई


२२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझा फोन आला. "कमिटीत काय सांगितलंस?" एवढंच विचारलंस आणि मी "अगं" म्हणेपर्यंत ठेवूनही दिलास. बरं केलंस. तोंडानं मला सांगता आलं नसतं, मी परत दूध उतू घालवलं असतं. हे कुरिअरनं पाठवते, पोस्टावर विश्वास नाही आणि दिवस कमी आहेत.

मागच्या पत्रातही मी तुझ्यापासून लपवलंच. डोळ्याचं सांगितलं, किल्लीचं सांगितलं, वाटलं एवढ्यावर भागेल. जित्याची खोड. तू मात्र नेमकं बोट ठेवलंस.

कमिटी तिघांची होती. लांब टेबल, तीन ग्लास, त्यांवर तीन झाकण्या. बाहेर बाकावर मी आणि तो शेजारी शेजारी बसलो होतो. तो म्हणाला, "ताई, घाबरू नका. जे आहे ते सांगा, म्हणजे झालं." ऑफिसात त्यानं मला ताई म्हटल्याची ती एकच वेळ. आदल्या संध्याकाळी त्यानं मला विचारलं होतं, "सगळ्या पट्ट्या तुम्ही पाहिल्या होत्या ना?" मी म्हटलं होतं, "म्हणजे काय, एकूण एक."

तेवढ्या भरवशावर तो आत गेला. त्यानं काय सांगितलं ते मला नंतर अहवालात वाचायला मिळालं. "दुसरं वाचन आमच्या सगळ्यात जुन्या वाचक बाईंचं आहे आणि माझ्या डोळ्यांपेक्षा माझा त्यांच्या डोळ्यांवर विश्वास आहे." असं.

मग मला बोलावलं. अध्यक्षांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "हे म्हणतात चव्वेचाळीसही पट्ट्या तुम्ही वाचल्या. मग तुमच्या मायक्रोस्कोपचा चार घरांचा फरक इथं का नाही? आणि तुमची कच्ची वही कुठं आहे?" वही मी आठ दिवस आधीच बादलीत भिजवून, लगदा करून टाकून दिली होती. बुटकीची मात्र होती, तिला काही टाकवत नसे.

मला दोन वाटा दिसल्या. वाचल्या म्हणावं तर चार घरांत मी अडकते. नक्कल केली म्हणावं तर त्याच दिवशी माझं सगळं संपतं. मी तिसरी काढली. म्हटलं, "पहिल्या सहा मी वाचल्या. पुढचं वाचन माझं नाही. ते कुणी लिहिलं मला माहीत नाही."

"अक्षर कुणाचं आहे?"

"सरांचं."

अक्षर त्याचंच होतं, त्यात काही खोटं नव्हतं. एक शब्द खरा बोलून मी तुझ्या नवऱ्याचा गळा कापला. बाहेर आले तर तो बाकावरून उठला, "झालं? पाणी हवं का?" म्हणाला. मी मान खाली घालून जिना उतरले.

आणि त्याच आठवड्यात तू तुझ्या ओट्यापाशी उभी राहून मला विचारलंस, "ताई, त्यांनी हे केलं का गं? तू सांगशील ते मी खरं मानेन." आठवतंय? मी म्हटलं, "कागदावर तर तसंच दिसतंय." तू त्याचं ऐकून घेतलंच नाहीस, कारण माझं ऐकलं होतंस. आठ दिवसांत तू निघालीस. तुझी बॅग भरायला मीच आले होते. भिंगरीचे स्वेटर मी घडी केले. ती दहा वर्षांची, दारात उभी राहून विचारत होती, "बाबांचं सामान कुठंय?" आणि तू तिला म्हणालीस, "बाबा खोटं बोलले." ते वाक्य तुझं नाही, धाकटे. माझं आहे. तुझ्या तोंडून मी बोलले.

तू मला कितीदा तरी म्हणालीस, ताई, तू नसतीस तर मी कोलमडले असते. मी ते ऐकून घेत होते. चहा पीत होते तुझ्या घरचा.

मी काय केलंय तेही सांगते, मोठेपणासाठी नाही. सोमवारी मी संस्थेत गेले आणि चार पानांचा जबाब लिहून दिला, सही करून. कारकून म्हणाला, "बाई, ही फाइल चौदा वर्षांपूर्वी बंद झाली. मी फक्त मिळाल्याचा शिक्का मारू शकतो." मारला शिक्का. वरच्यांना भेटू दिलं नाही. मशीनवालीला प्रत दिली. तिनं उभ्या उभ्याच वाचली. तिनं माझ्यासाठी चहा मागवला होता, तो टेबलावर आला आणि तसाच गार झाला. मग म्हणाली, "मी लेख लिहिणार आहे, त्यात शेवटी एक ओळ घालीन, की दुसरं वाचन खोटं होतं आणि ते प्रयोग करणाऱ्यानं केलेलं नव्हतं." मी विचारलं, एकच ओळ? ती म्हणाली, "जागा तेवढीच असते." मग तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी आपली उठून आले. शिक्का मारलेली प्रत सोबत जोडली आहे.

इथं थांबावं असं फार वाटतंय. पण आणखी एक आहे, आणि ते मी त्या चार पानांतही लिहिलेलं नाही.

तो माझ्याकडे आला होता. तो वारला त्याच्या साधारण वर्षभर आधी. तू म्हणतेस ना, तू निघून आल्यावर तो एका खोलीत एकटा राहिला, कुणाकडे गेला नाही, त्याअर्थी त्याला स्वतःचीच लाज वाटत असणार? माझ्याकडे आला होता. दुपारची वेळ, चार मजले चढून धापा टाकत. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. मला वाटलं भांडेल, शिव्या देईल. मी तयारीत होते. पण तो खुर्चीच्या कडेवर बसला, आधी भिंगरीची उंची किती झाली ते विचारलं. मी हातानं दाखवली. तो त्या हाताकडे बघत राहिला.

मग म्हणाला, "ताई, एकच विचारायचंय. मी कुणाकडे जाणार नाही, काही मागणार नाही. त्या पट्ट्यांबद्दल तुम्ही मला एक सांगितलंत आणि कमिटीला एक. मी तुम्हाला दोष देत नाही, भीतीनं माणूस काहीही बोलतो. पण मला आता रोज वाटतं, की ते आकडे मीच लिहिले असतील आणि विसरलो असेन. तुमची वही मी खरंच पाहिली होती का? मला ती डोळ्यांसमोर दिसते, निळ्या पुठ्ठ्याची. पण आता त्या दिसण्यावरही माझा विश्वास राहिला नाही. एवढं सांगा. मग मी झोपू शकेन."

वही निळ्याच पुठ्ठ्याची होती.

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. माझी नोकरी संपलेली, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मला आता कुणाची भीती नव्हती. आणि मी म्हटलं, "तसंच झालं असेल हो. दमला होता तुम्ही त्या दिवसांत फार. माणूस विसरतो."

त्यानं दोनदा मान हलवली. "असेल," म्हणाला. "तसंच असेल मग." आणि मलाच म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास दिला." कठडा धरून हळूहळू उतरला. मी दार लावून घेतलं.

तो ते मानून मेला, धाकटे. आपणच खोटं लिहिलं असं मानून. तू त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीस ते माझ्यामुळे, आणि त्यानं स्वतःवर ठेवला नाही तेही माझ्यामुळे. त्याला आता काही सांगता येत नाही. मी रोज दुपारी त्या खुर्चीला सांगते, ते कुणाला ऐकू जायचंय!

भिंगरीला ही तिन्ही पत्रं दे. उद्या नको, आज दे, ती कामावरून आली की लगेच. तिचा अर्ज अजून घरातच असेल तर आधी हे वाचून होऊ दे, मग सही करायची की नाही ते तिचं तिला ठरवू दे. तिला सांग, तुझ्या बापाला तुझी उंची माहीत होती.

मला फोन करू नकोस. माफ केलं असंही कधी म्हणू नकोस, ते मला सोसणार नाही. दारात येऊन उभी राहून मला वाट्टेल ते बोलावंसं वाटलं तर मात्र ये. दार उघडं ठेवते.

कळावे. याच्यापुढे 'लोभ असावा' लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही.

ताई